माझ्या पोटावरची पंचवीस अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या पोटाला बुटाचा सोल लावलेला होता. हसू नका. लॅपटॉपला कुणी पिशवी शिवतं, कुणी त्याच्या पाठीवर चित्रं चिकटवतं, हे मी समजू शकतो. पण खरंखुरं कमावलेलं चामडं, बुटाच्या तळाइतकं जाड, कडा घासून गुळगुळीत केलेलं, आणि जन्मात निघू नये असं चिकटवलेलं, हे भाग्य माझ्याच वाट्याला आलं. त्या सोलपायी माझी आणि एका बिचाऱ्या बाईची जी फरफट झाली, ती मी आज सांगणार आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न करीन. मध्येच माझा पंखा जोरात फिरायला लागला, तर समजून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाता जाता कुणी मला पडदा बसवला, कुणी कळफलक. सगळ्यात शेवटी एका बाईने मला पालथं घातलं आणि माझ्या पोटावर बोटभर लांबीचं एक स्टिकर लावलं. अंगठ्याने दोनदा दाबून तिने त्याखालची हवा काढली. त्या स्टिकरवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून पंचवीस खुणा होत्या. सोयीसाठी आपण त्यांना अक्षरंच म्हणू. पाच-पाचचे पाच गट होते.

ती अक्षरं कशासाठी, हे सांगायला हवं. माझ्यासारख्या यंत्राला ऑपरेटिंग सिस्टीम लागते. ती आत असेल तर मी लॅपटॉप, नसेल तर नुसता पत्रा आणि प्लास्टिक. मला बनवणाऱ्या कंपनीने माझ्यापुरता तिचा परवाना घेऊन दिला होता, आणि ती पंचवीस अक्षरं म्हणजे त्या परवान्याची चावी. कधी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालायची वेळ आली, तर ही चावी टाकल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट माझ्या अंगावर होती, पण मला ती कधीच दिसली नाही. स्वतःचं पोट मला दिसणार तरी कसं?

मला विकत घेतलं ते एका बूट शिवणाऱ्या कारागिराच्या लेकीने. त्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, पाऊल वाकडं आहे, बोटं गेली आहेत, अशा लोकांना नीट चालता येईल असे बूट उस्ताद बनवत. पूर्वी ते प्रत्येक पावलाचा लाकडी साचा, ज्यावर चामडं ओढून बूट शिवतात तो, हाताने तासत. एका साच्याला आठवडा लागे. पुढे मनगट दुखायला लागलं, नजर थकली, तेव्हा लेकीने साचा कोरणारं यंत्र आणलं आणि त्या यंत्राला हुकूम द्यायला मला आणलं. गिऱ्हाईक काचेवर पाऊल ठेवी. त्या पावलाचे उंचसखल भाग माझ्या पडद्यावर उमटत. लेक हवी तिथे भर घाली आणि मी एका जाड वायरीतून यंत्राला सांगे, इथे कोर, इथे राहू दे. तीन तासांत साचा तयार. नव्या लॅपटॉपना त्या जाड वायरीसाठी जागाच नसते. त्यामुळे नऊ वर्षं झाली तरी माझ्यावाचून त्या यंत्राचं पान हलत नव्हतं.

माझं कौतुकही फार झालं. उस्ताद नव्या गिऱ्हाइकाला माझ्यासमोर बसवत आणि सांगत, याने अकराशे पावलं पाहिली आहेत आणि एकही विसरलेला नाही. एक म्हातारे गृहस्थ तर जाताना माझ्या पाठीवर थाप मारून जात. मित्रांनो, अशा वेळी पंखासुद्धा हळू फिरतो.

पण कौतुक करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं. चामड्याचा भुगा माझ्या कळांमध्ये साचे. गोंदाचा डबा, झाकण उघडं ठेवून, अगदी माझ्या कुशीत. पाचव्या वर्षी माझी बॅटरी गेली, तर उस्ताद म्हणाले, वायर लावलेलीच असते की, बॅटरी कशाला हवी. मी अधूनमधून नम्रपणे विचारत असे की माझ्यात काही सुधारणा करायच्या आहेत, आत्ता करू की नंतर? लेक न वाचता ‘नंतर’ दाबे. मी चार वर्षं ‘नंतर’ ऐकत होतो.

आणि मामा. हा लेकीचा मामा, म्हणजे उस्तादांचा मेव्हणा. याच्या खिशात कायम एक पेनड्राइव्ह आणि तोंडात कायम एक सल्ला. मला बनवणाऱ्यांनी माझ्याच आत एका कोपऱ्यात ऑपरेटिंग सिस्टीमची अख्खी प्रत जपून ठेवली होती, पुढेमागे काही झालं तर हाताशी असावी म्हणून. दोन वर्षांपूर्वी मामाला ती सापडली. ही उगाच जागा अडवून बसली आहे, असं म्हणून त्याने ती पुसून टाकली. वर उपकार केल्यासारखा चहा पिऊन गेला.

आता सोलची गोष्ट. माझ्या पोटाला चार कोपऱ्यांत रबराच्या चार टिकल्या होत्या. भुग्याने आणि घासण्याने त्या एकेक करून गळून पडल्या आणि मी बाकावर घसरू लागलो. दुसऱ्या कुणी बाजारातून नव्या टिकल्या आणल्या असत्या. पण उस्तादांना कुठलीही झिजलेली वस्तू दिसली की तिला सोल लावायचा, एवढंच सुचतं. शिडीच्या पायांना त्यांनी सोल लावला होता. स्टुलाला लावला होता. एके दिवशी लेक माल आणायला बाहेर गेली असताना त्यांनी मला पालथं घातलं, कागदावर माझा आकार काढला, रापीने चामडं कापलं आणि माझ्या पंख्याच्या झरोक्यांच्या बरोबर समोर नेमकी भोकं पाडली. काम इतकं सुबक होतं की नावं ठेवायला जागा नाही. गोंदाचे दोन हात दिले, वर वजन ठेवलं. माझी पंचवीस अक्षरं त्या चामड्याखाली गेली.

लेक परत आल्यावर म्हणाली, “बाबा, खाली काहीतरी लिहिलेलं होतं ना?”

“पोटाखाली काय वाचायचंय?” उस्ताद म्हणाले. “वर एवढा मोठा पडदा आहे.”

त्यावर तीही हसली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा फुशारलो होतो. सोल लावलेला लॅपटॉप बघायला शेजारच्या दुकानांतून माणसं येत होती आणि उस्ताद मला उलटं करून करून दाखवत होते. कुणालाही, अगदी मलाही, त्या स्टिकरची आठवण झाली नाही.

मग एके दिवशी टपालवाली आली. या बाईने एकोणीस वर्षं एकाच भागात पायी टपाल वाटलं होतं. मालाच्या एका गाडीचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं आणि ती आठ महिने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा तो पाय तीन सेंटिमीटर आखूड झालेला आणि पाऊल बाहेर वळलेलं. कचेरीने सांगितलं, आता आत बसून पत्रं निवडा, खुर्ची देतो. ती ऐकेना. शेवटी साहेबांनी एक तारीख ठरवली. येत्या सोमवारी एक तपासनीस बरोबर येईल, त्याच्यासमोर नेहमीची पूर्ण फेरी, नऊ किलोमीटर, चालून दाखवायची. जमलं तर भाग तिचा. नाही जमलं तर तो दुसऱ्याला जाणार, कायमचा.

माप देताना ती लेकीला म्हणाली, “एकदा खुर्चीत बसले की मी संपले बघ. मला माझ्या गल्ल्या पाहिजेत.”

तिचा उजवा बूट आधीच तयार झाला होता. डाव्या पायाला अजून पट्टी होती, ती बुधवारी सुटली आणि त्याच संध्याकाळी ते पाऊल माझ्या पडद्यावर आलं. लेकीने तीन सेंटिमीटरची भर घातली, टाचेला बाहेरून आधार दिला. गुरुवारी दुपारी साचा कोरायचा असं ठरलं.

गुरुवारी जेवणाच्या वेळी मी आपलं नेहमीप्रमाणे विचारलं, सुधारणा आत्ता करू की नंतर? चार वर्षांत पहिल्यांदाच लेकीने घाईघाईत ‘आत्ता’ दाबलं आणि ती जेवायला गेली. मी आनंदाने कामाला लागलो. तेवढ्यात उस्ताद उठले. दुकानात गोंद, गरम हवेचा पंप, सगळं पेट घेणारं सामान, म्हणून जेवायला जाताना मेन स्विच खाली करायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. त्यांनी तो खाली केला. माझी बॅटरी मेलेली. सुधारणा अर्धवट राहिली आणि मी जागच्या जागी बंद पडलो.

परत चालू केलं तेव्हा माझ्या काळ्या पडद्यावर एकच ओळ उरली होती, की सिस्टीम सुरू होऊ शकत नाही. लेकीने वीस वेळा बटण दाबलं. मी वीस वेळा तीच ओळ दाखवली. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

शुक्रवारी मामा आला. खुर्ची ओढून बसला, बोटं मोडली आणि म्हणाला, फॉरमॅट मारू, अर्ध्या तासाचं काम आहे. लेकीने हट्टच धरला म्हणून त्याने आधी सगळी पावलं आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. हे एक काम त्याने शहाण्यासारखं केलं, ते मी नाकारणार नाही. त्यानंतर त्याने मला आतून धुऊन पुसून कोरा केला आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायला घेतली. दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर पाच रिकामे चौकोन आले. चावी टाका.

मामाने पाकिटातून एक चुरगळलेला कागद काढला. ही चावी सगळ्यांना चालते, म्हणाला. मला चालली नाही. कागद उलटा करून त्याने मागची टाकली. तीही नाही. मग तो माझ्यावरच वैतागला, हे मशिनच अडेलतट्टू आहे म्हणाला. मित्रांनो, दुसऱ्याच्या घराची चावी माझ्या दाराला लावायची आणि दोष मला द्यायचा, हा कुठला न्याय?

लेकीने मला बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास तिने तेच ते गाणं ऐकलं. मग एक मुलगी बोलू लागली. गोड आवाजात ती म्हणाली, चावी मशिनच्या खालच्या बाजूला स्टिकरवर असते, मशिन पालथं करून वाचा.

लेकीने मला पालथं केलं. सगळ्यांच्या नजरा त्या गुळगुळीत चामड्यावर गेल्या.

“मॅडम, दिसलं का?” फोनमधून आवाज आला.

“इथे सोल आहे,” लेक म्हणाली.

“सॉरी मॅडम?”

लेकीने पुन्हा सांगितलं, सोल, बुटाचा. मग मुलीने समजावलं की चावीची नोंद कंपनीकडे नसते. अर्ज करून दुसरी मिळवता येईल, पण त्याला दहा-बारा दिवस लागतील. त्यापेक्षा स्टिकर वाचता येतं का ते पाहा. सोमवारला मध्ये दोनच दिवस उरले होते.

उस्तादांना घरोघरचे लोक ओळखत ते एकाच गोष्टीसाठी. त्यांनी लावलेला सोल सुटून परत आला, असं कधी झालं नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांना स्वतःचंच काम उखडायला बसावं लागलं. गरम हवेने गोंद मऊ करायचा, रापीचं पातं केसभर आत सरकवायचं, पुन्हा गरम हवा. फार गरम केलं तर मी वितळणार, कमी केलं तर चामडं सुटणार नाही. सकाळी दहाला सुरू केलेलं काम दुपारी एक वाजला तरी निम्मंच झालं होतं. मामा शेजारी उभा राहून सल्ले देत होता. उस्तादांनी त्याला चहा आणायला पाठवलं, आणि तो आला तेव्हा बिस्किटं आणायला.

ते सहसा कामात बोलत नाहीत. पण मध्येच हात थांबवून ते लेकीला म्हणाले, “तिचा पाय मीच बांधून ठेवला गं.”

लेकीने पंप आपल्या हातात घेतला. मला त्यांचा इतका राग आला होता की विचारू नका, पण त्या वेळी मात्र वाटलं, या माणसाला कुणीतरी पाणी द्या.

दोन वाजता सोल निघाला, आणि त्याच्याबरोबर स्टिकरही निघालं. म्हणजे कागद माझ्या पोटावर राहिला, पांढरा, कोरा. शाईचा थर मात्र उचलला जाऊन चामड्याच्या गोंदावर बसला होता. अक्षरं होती, पण सगळी उलटी. मामाने डोक्याला हात लावला. लेकीने मात्र सोल उचलला आणि थेट जमिनीपाशी ठेवलेल्या आरशासमोर धरला. बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकाला आपले पाय दिसावेत म्हणून असा बुटका, तिरपा आरसा असतो. ती पोटावर पडून एकेक अक्षर वाचू लागली आणि मामा लिहून घेऊ लागला. त्याने लिहिलेलं ती तपासत होती, कारण तिचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

चोवीस अक्षरं मिळाली. उरलेलं एक रापीच्या पात्याखाली आलं होतं. चौथ्या गटातलं मधलं अक्षर. त्याचं वरचं निम्मं अंग खरवडून गेलेलं, खाली नुसते दोन तुकडे.

मामा म्हणाला, एकच तर आहे, एकेक टाकून बघू. त्याने ए पासून सुरुवात केली. पाच वेळा चुकल्यावर माझ्या पडद्यावर सूचना आली की थोडा वेळ थांबून प्रयत्न करा. तो नियम मी केलेला नव्हता. तरी लेकीने माझं झाकण असं धाडकन आपटलं की माझ्या बिजागरीतून कळ गेली. नऊ वर्षांत तिने मला असं कधी वागवलं नव्हतं.

साडेतीन वाजता टपालवाली उजवा बूट घालून बघायला आली, काठी टेकत. डावा कधी मिळेल असं तिने विचारलं. लेक खाली बघत राहिली. मामाला अचानक फोन आला. उस्ताद मात्र उठून तिच्यासमोर गेले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, मेन स्विच, सोल, रापी, काही लपवलं नाही.

“चूक माझी आहे, ताई,” ते म्हणाले.

तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा लाल झाला. आठ महिने झोपून काढले ते एका अक्षरासाठी का, असं काहीतरी ती पुटपुटली आणि मान वळवून दाराकडे बघत बसली. मला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि थेट त्या खुर्चीत जाऊन बसणार. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आणा इकडे ते चामडं.”

तिला खाली वाकता येत नव्हतं. लेकीने आरसा उचलून स्टुलावर ठेवला. टपालवालीने चष्मा लावला आणि सोल आधी लांब धरला, मग जवळ, मग खिडकीच्या उजेडात तिरपा. मामा फोन संपवून परत आला होता. तो म्हणाला, त्या अक्षरात वाचण्यासारखं काही उरलंच नाही.

“भिजलेली पाकिटं येतात आमच्याकडे, निम्मं नाव वाहून गेलेलं असतं,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “गेलं ते बघायचं नसतं. उरलंय ते बघायचं.” मग ती आरशाजवळ सरकली. “याला दोन पाय आहेत. डावा सरळ आहे आणि उजवा बाहेर फाकलाय. आर असेल नाहीतर के.”

हे ऐकून उस्ताद पुढे झाले. दोन पायांत किती अंतर, ही त्यांच्या अधिकारातली गोष्ट होती. चावीच्या पहिल्याच गटात एक के होता आणि दुसऱ्या गटात एक आर. उस्तादांनी माप घ्यायचा कंपास काढला, आधी त्या दोघांचे पाय मोजले, मग या अर्धवट अक्षराचे. दोनदा मोजून ते म्हणाले, के याच्यापेक्षा जास्त फाकतो, हा आर आहे.

थांबायची मुदत संपली होती. लेकीने पंचवीस अक्षरं टाकली. सगळे माझ्या पडद्यावर वाकले. मी चावी फिरवून पाहिली आणि नाकारली.

मामाला मनापासून आनंद झाला असावा. मी म्हटलंच होतं, तो म्हणाला, असं नजरेने काही कळत नसतं.

टपालवाली शांतपणे चष्मा पुसत होती. “एकोणीस वर्षांत मी वाचलेला पत्ता चुकलेला नाही,” ती म्हणाली. “अक्षर आरच आहे. तुमचं दार चुकलं असेल.”

आणि मित्रांनो, दारच चुकलं होतं. मला बोलता आलं असतं तर मी शुक्रवारीच ओरडून सांगितलं असतं. लेकीने पुन्हा कंपनीला फोन लावला. सव्वापाच वाजले होते, सहाला त्यांचं बंद होणार होतं आणि रविवारी सुट्टी. त्या मुलीने चावी ऐकली आणि विचारलं, ऑपरेटिंग सिस्टीमची कुठली आवृत्ती टाकताय? साधी की मोठी? लेकीने मामाकडे पाहिलं.

“मोठी,” मामा म्हणाला. “सगळ्यात मोठी आहे माझ्याकडे. छोटी कशाला टाकायची?”

मुलीने सांगितलं की माझ्याबरोबर दिलेला परवाना साध्या आवृत्तीचा आहे, त्यामुळे चावी फक्त तिलाच लागते. मोठ्या आवृत्तीत ती लागणार नाही, हजार वेळा टाकली तरी. लेकीने आभार मानून फोन ठेवला. मग ती मामाला एवढंच म्हणाली, मामा, तू आता घरी जा. पेनड्राइव्ह ठेवून जा.

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून तिने साधी आवृत्ती उतरवून आणली. पुन्हा पुसणं, पुन्हा घालणं, पुन्हा ते पाच चौकोन. या वेळी एकेक अक्षर टपालवालीने वाचून दाखवलं, कारण ती घरी गेलीच नव्हती. आर आला तेव्हा तिने जरा जोरात म्हटलं. मी चावी फिरवली आणि दार उघडलं. माझ्या पडद्यावर स्वागताची ओळ आली. उस्ताद स्टुलावर मटकन बसले आणि कपाळाचा घाम पुसत राहिले.

रविवारी सकाळी लेकीने यंत्राचा प्रोग्राम घातला, पावलं परत माझ्यात आणली आणि टपालवालीचं डावं पाऊल उघडलं. मी ते मोजून मोजून यंत्राला सांगितलं. साचा दुपारी बाराला निघाला. उस्तादांनी लगेच त्यावर चामडं ओढलं, शिवायची आरी घेतली आणि दिवेलागणीच्या आत बूट उभा केला. त्या दिवशी ते जेवायला गेलेच नाहीत, लेकीने डबा तिथेच उघडून दिला.

सोमवारी सात वाजता टपालवाली आली, दोन्ही बूट घातले, दुकानात चार येरझाऱ्या मारल्या. पिशवी खांद्याला लावली आणि गेली.

त्यानंतर दुकानात काम झालं नाही. उस्तादांनी तीन वेळा केर काढला. एकच आरी चार वेळा पुसली. लेक माझ्यासमोर बसून काहीतरी टाइप करत होती आणि पुसत होती. दहा वाजले, बारा वाजले. डाव्या टाचेला आधार आणखी थोडा हवा होता का, असं उस्ताद स्वतःशीच बोलत होते. मला तर माझ्या मापाचीच शंका यायला लागली.

एक वाजता दार उघडलं. गणवेशातले एक गृहस्थ भिंतीला धरत आत आले आणि मिळेल त्या स्टुलावर बसले. त्यांनी उजवा बूट ओढून काढला. मोजा अंगठ्यापाशी लाल झाला होता. हे टपाल खात्याचे तपासनीस होते.

“बाई कुठे आहेत?” उस्तादांनी विचारलं.

“पुढे गेल्या,” तपासनीस म्हणाले. “सहाव्या किलोमीटरपासून मी त्यांना थांबा म्हणतोय. शेवटी म्हणाल्या, तुम्ही या दुकानात बसा, माझ्या दोनच गल्ल्या राहिल्यात, येताना तुम्हाला घेऊन जाते.”

उस्ताद खाली बसले. त्यांनी तपासनिसांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तपासनिसांना वाटत होतं की ते त्यांचा अंगठा बघूनच रडत आहेत. लेकीने नाक पुसलं, त्यांना काचेवर पाऊल ठेवायला सांगितलं आणि माझ्यात एक नवी नोंद उघडली.

मित्रांनो, आता मी थोडा रागावूनच बोलणार आहे, कारण हे मला पुन्हा सोसवणार नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्यातलं जे मोलाचं आहे त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. तो काही विचारेल तेव्हा निदान वाचून उत्तर द्या. बॅटरी मेली तर बदला. मला सगळं येतं म्हणणाऱ्याच्या हाती त्याला देऊ नका. आणि आत्ताच उठा, त्याला हळूच पालथं करा आणि त्याच्या पोटावर काही लिहिलेलं असेल तर ते एका वहीत उतरवून घ्या. तुम्हाला वाटेल, या अक्षरांचं मला काय काम? उस्तादांनाही तसंच वाटलं होतं, आणि त्यांच्याइतकी पायांची कदर करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.